न खाई भोगी

पहाटे ५.२०

भोगीला घरातल्या प्रत्येकानं डोक्यावरून न्हायचं, हा सासूबाईंचा नियम. बाहेर थंडीनं दात वाजत असले तरी तिळाचं वाटण अंगाला चोळून, बंबातलं कढत पाणी घेऊन न्हायचं. माझी पाळी पहिली, कारण सातच्या आत मला कामावर पोचायचं असतं.

न्हाणीतल्या जाळीतून फेस खाली जाताना मी नकळत वेळ मोजते. हे पाणी गल्लीच्या गटारातून मुख्य वाहिनीला लागेल, तिथून पंपिंगला जाईल आणि साधारण अडीच तासांनी माझ्याकडे येईल. आज सगळं शहर न्हाणार. म्हणजे माझ्याकडची सकाळची भरती रोजच्यापेक्षा मोठी.

मी कृष्णाकाठच्या एका शहराच्या मैलाशुद्धीकरण केंद्रावर केमिस्ट आहे. रोज दोन कोटी लिटर मैलापाणी, आमच्या भाषेत २० एमएलडी. लोक विचारतात, तुम्ही पाण्यात नेमकं टाकता काय? शेवटी थोडं क्लोरीन सोडलं तर काही नाही. घाण आम्ही साफ करत नाही. ती खाणारे जिवाणू आम्ही सांभाळतो.

"डब्यात भोगीची भाजी आणि तिळाची भाकरी आहे," सासूबाई म्हणाल्या. "मीटिंगबिटिंगच्या नादात परत आणू नकोस. न खाई भोगी तो सदा रोगी."

६.५०

गेटातून आत शिरताना मी आधी वास घेते. मीटर नंतर.

केंद्राची तब्येत बरी असली की एअरेशन टँककडून, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीकडून, ओल्या मातीचा वास येतो. नवीन माणसाला हे पटत नाही, त्याच्या मनात गटाराची दुर्गंधी असते. ती असते, पण फक्त सुरुवातीला, पाणी आत येतं तिथे. टाकीपाशी येतो तो पहिल्या पावसाचा वास. अलंकार म्हणून नाही, खरोखर. स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात आणि भिजलेल्या मातीला तो गंध त्यातूनच येतो. त्यांचे भाऊबंद आमच्या गाळातही नांदतात.

आज टाकीवर धुकं तरंगत होतं. पाणी २३ अंशांवर, वरची हवा १२ वर, त्यामुळे सगळी टाकी चहाच्या पातेल्यासारखी वाफाळलेली. मातीचा वास मात्र येत नव्हता. थंडीनं नाक बंद झालं असेल म्हणून मी पुढे गेले.

७.१०

स्क्रीन म्हणजे लोखंडी गजांची चाळण. शहराचा सण तिथे सगळ्यांत आधी कळतो. आज वालपापडीच्या शिरा, पावट्याची सालं, हरभऱ्याचे घाटे आणि त्यांच्यासोबत रोजचे पाहुणे होते: शाम्पूच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, दुधाच्या पिशव्या. यातल्या पहिल्या तिन्हींचं जिवाणू काहीतरी करतील. उरलेल्यांना ते तोंड लावत नाहीत. प्लास्टिक माणसाच्या हातात येऊन फार थोडा काळ झाला आहे, आणि आमच्या टाकीत पाणी थांबतं जेमतेम सहा तास.

स्क्रीनमागे ग्रिट चेंबर, तिथे वाळू बसते. मग प्राथमिक क्लॅरिफायर, तिथे जड मैला तळाला जातो. इथवर सगळं काम चाळणीचं आणि गुरुत्वाकर्षणाचं. पाण्यात विरघळलेलं किंवा तरंगतं जे उरतं, ते ना चाळणीत अडकतं ना तळाला बसतं. तिथून जिवाणूंची पाळी सुरू होते.

७.४०

"मॅडम, आज डीओ एकदम झकास! साडेपाच!"

आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेला डिप्लोमाचा मुलगा धावतच सांगायला आला. डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. एअरेशन टँकमध्ये तो लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा असतो. एकाखाली गेला की आम्ही धावपळ करतो. साडेपाच पाहून पोराला वाटलं, पहिला नंबर आला.

रात्रपाळीचे ऑपरेटर मामा कठड्याला टेकून उभे होते. बावीस वर्षांची नोकरी. ते पोराकडे न बघता मला म्हणाले, "हवा जास्ती झालीया बगा. साडेसहापास्नं चढतीच हाय. ब्लोअर तेवढंच हायत."

माझ्या पोटात गोळा आला.

ब्लोअर टाकीत किती हवा सोडणार ते ठरलेलं असतं. खाणारे जोरात खात असले की ते ती ओढून घेतात आणि पाण्यात दोनच उरते. सकाळी शहराचं पाणी वाढतं, अन्न वाढतं, तेव्हा तर ती आणखी कमी व्हायला हवी. पंगतीतून पातेलं भरलेलंच परत आलं, तर वाढप्यानं खूश व्हायचं नसतं. जेवणाऱ्यांना काय झालं ते बघायचं असतं.

"म्हणजे चांगलं नाही हे?" पोरानं विचारलं.

"आज भोगी आहे," मी म्हटलं, "आणि आपली माणसं जेवत नाहीत."

८.००

खात्री करायला पाच मिनिटं आणि एक बाटली पुरते. टाकीतलं गाळमिश्रित पाणी काचेच्या बाटलीत घेऊन खळाखळा हलवायचं, हवा पुरेशी मिसळली की डीओ मीटरचा दांडा आत घालून तोंड बंद करायचं. बाहेरची हवा बंद. आता आत आहे तेवढ्या प्राणवायूवर जिवाणू जगणार. दर मिनिटाला आकडा लिहायचा. जिवाणूंचा श्वास मोजण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

एरवी पाच मिनिटांत आकडा अडीचने उतरतो. तासाला धरलं तर लिटरमागे ३० मिलिग्रॅम. आज ६.१ वरून सुरू झाला आणि पाच मिनिटांनी ५.३. म्हणजे तासाला दहासुद्धा नाही. श्वास तिसऱ्या हिश्शाच्याही खाली गेला होता.

मग इनलेटच्या पीएच मीटरची रात्रीची नोंद काढली. आलेख रात्रभर सातच्या वर सरळ रेषेत. पहाटे ३.२० ला तो खड्ड्यात पडावा तसा ४.६ वर आला आणि चाळीस मिनिटांनी पुन्हा वर चढला. घराघरातलं सांडपाणी असं वागत नाही. कुणीतरी टँकर आणून मॅनहोलमध्ये रिकामा केला होता. कारखान्यातलं आम्लाचं पाणी असणार. रस्त्यावरचे दिवे बंद, झाकण उचललं, पाइप आत, वीस मिनिटांचं काम. आमच्याकडे असं वर्षातून एकदोनदा होतं.

८.३०

काय करायचं, यापेक्षा काय करायचं नाही हे आधी ठरवावं लागतं.

घाबरून इनलेट बंद करायचं नाही. रात्रीचं विष टाकीत शिरून चुकलंय. आता येतंय ते शहराच्या न्हाण्याचं पाणी. तेच ते विष पातळ करील. सकाळी ज्या भरतीची मला धास्ती होती तीच आज उपयोगी पडली.

जास्तीचा गाळ काढायचा नाही. रोज आम्ही ठराविक गाळ टाकीबाहेर काढतो, नाहीतर जिवाणूंची वस्ती फुगत जाते. आज एक घमेलंही बाहेर जाणार नाही. उलट टाकीपुढच्या क्लॅरिफायरच्या तळाशी बसलेला गाळ परत आणणारा पंप वाढवायचा. तिथे अजून जोमदार जीव शिल्लक असतील.

प्राथमिक गाळ आज, तो पचवणाऱ्या डायजेस्टरला द्यायचा नाही. तिथली मंडळी इथल्यांपेक्षा नाजूक.

टाकीचा पीएच ६.४ वर उतरला होता, म्हणून सोडा ॲशच्या गोण्या फोडून हळूहळू सोडायला घेतला. रात्रीच्या सँपलरमधलं दोन लिटर पाणी सीलबंद केलं, वरिष्ठांना कळवलं आणि नदीच्या खालच्या अंगाला पाणीउपसा करणाऱ्यांनाही फोन केला. त्या फोनवर आवाज आपोआप खाली येतो. चूक आपली नसली तरी पाणी आपल्या गेटातूनच बाहेर पडणार असतं.

मामांची पाळी आठला संपली होती. ते गेले नाहीत.

९.३०

आता सूक्ष्मदर्शक. एक थेंब काचपट्टीवर, वर पातळ काच, शंभरपट मोठं करून बघायचं.

एवढ्याने जिवाणू एकेकटे दिसत नाहीत. एकेक असतो साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका मिलिलिटरमध्ये ते अब्जाच्या घरात असतात. दिसतात त्यांचे पुंजके. भिजलेल्या खाकऱ्याच्या तुकड्यांसारखे तपकिरी, विस्कटलेल्या कडांचे. इंग्रजीत त्याला फ्लॉक म्हणतात, आमच्याकडे सगळे म्हणतात गोळा. जिवाणू अंगातून चिकट द्रव सोडून एकमेकांना धरून राहतात. आमचं सगळं केंद्र या चिकटपणावर चालतं. पुंजका जड असतो म्हणून पुढच्या टाकीत तळाला बसतो आणि निवळ पाणी वरून वाहून जातं. सुटे जिवाणू बसत नाहीत. ते पाण्यासोबत नदीला जातात.

पुंजक्यांच्या आजूबाजूला असते ती माझी आवडती जनता. वॉर्टिसेला हा एकपेशीय जीव देठावर उभ्या घंटेसारखा दिसतो. त्याच्या तोंडाभोवती केसांची झालर असते. तिनं तो भोवरा करतो, सुटे जिवाणू ओढून गिळतो आणि पाणी निवळ ठेवतो. धक्का बसला की देठ स्प्रिंगसारखा आखडून घेतो. ॲस्पिडिस्का खेकड्यासारखा पुंजक्यावरून चरत फिरतो. गाळ जुना, मुरलेला असला की रोटिफर येतात. ते अनेक पेशींचे, या वस्तीतले थोराड. आमची हजेरी अशी घ्यायची असते: घंटा भरपूर असल्या तर सगळं सुरळीत, नुसते शेपटीवाले चिमुकले वळवळत असले तर वस्ती कोवळी किंवा आजारी, आणि दोऱ्यासारखे लांब जिवाणू माजले तर गाळ फुगून क्लॅरिफायरवरून ओसंडणार.

आज घंटा होत्या, पण मिटलेल्या. बऱ्याच देठांवर डोकंच नव्हतं. ॲस्पिडिस्का एकही हलत नव्हता. पुंजक्यांच्या कडा झिजून सुटे जिवाणू पाण्यात पसरले होते. शेजारी लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास ठेवलेला गाळ २७० मिलिलिटरवर बसला होता, तो आकडा रोजचाच. त्याच्या वरचं पाणी मात्र पेजेसारखं गढूळ.

काचपट्टी काढणार तेवढ्यात कोपऱ्यातली एक घंटा उघडली. झालर दोनदा फिरली आणि पुन्हा मिटली. पोराला बोलावून दाखवलं. तोवर ती काही पुन्हा उघडली नाही. पण मी पाहिलं होतं.

११.००

काहीही झालं तरी अकराला बीओडीच्या बाटल्या लावायच्या.

पाण्यात जिवाणूंना खाण्याजोगं किती आहे, ते सरळ मोजायची युक्ती नाही. म्हणून जिवाणूंनाच खायला घालायचं आणि त्यांनी प्राणवायू किती वापरला ते पाहायचं. तीनशे मिलिलिटरची बाटली, त्यात इनलेटचं पाणी अवघं तीन मिलिलिटर, बाकी हवा मिसळलेलं शुद्ध पाणी. बूच लावून अंधाऱ्या कपाटात २७ अंशांवर तीन दिवस. इंग्लंडमध्ये ही परीक्षा पाच दिवसांची आणि २० अंशांची. आपल्या हवेला साजेलशी ती तीन दिवसांवर आणली गेली.

प्राणवायू मोजायला आजही मी लायोश विंक्लर यांची १८८८ सालची पद्धत वापरते. दोन द्रावणं घातली की बाटलीत तपकिरी ढग उतरतात, आम्ल घातलं की त्यांचं सोनेरी पाणी होतं, स्टार्चचा थेंब टाकला की निळंजांभळं, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट सोडत गेलं की एका थेंबाला सगळा रंग नाहीसा. मीटर आलं तरी ही पद्धत हातातून सोडवत नाही.

तीन दिवसांपूर्वीच्या बाटल्यांचा निकाल आज लागला. आत आलेलं पाणी १८०, बाहेर गेलेलं ८. परवानगीतली मर्यादा १०. रजिस्टरात छान आकडे पडले आणि ते लिहिताना मला कसंसंच झालं. आजच्या बाटल्यांचं उत्तर किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मिळणार. या कामात कागदावरचा आकडा नेहमी शिळा असतो. ताजं काय ते मामांच्या डोळ्यांत, माझ्या नाकात आणि त्या घंटेच्या झालरीत.

अमोनियाची तपासणी मात्र लगेच होते. रोज बाहेर पडताना तो एकाच्या आत असतो. आज ६.

याची मला खरी काळजी. अन्न खाणारे जिवाणू दणकट असतात, त्यांची पिढी तासाभरात उभी राहते. अमोनियावर जगणारे फार सावकाश वाढतात. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा नायट्राइटचं नायट्रेट. एकाची विष्ठा ती दुसऱ्याची भाकरी. रशियाचे सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे जीव वेगळे काढून दाखवले. सूर्यप्रकाश नाही, सेंद्रिय अन्न नाही, नुसता अमोनिया जाळून हे हवेतल्या कार्बनमधून आपलं शरीर घडवतात. अशी कमाई तुटपुंजी, म्हणून दुपटीला एखादा दिवस सहज लागतो, थंडीत जास्तच.

यापुढच्या टाकीत हवा सोडतच नाही. तिथे तिसरी मंडळी. प्राणवायू मिळेना म्हणून ती नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन आकाशात जातो. आमच्याकडे रोज असा सुमारे ७०० किलो नायट्रोजन येतो. युरियाच्या हिशेबात ४५ किलोच्या ३४ गोण्या. हाच नायट्रोजन कारखान्यात हवेतून ओढून खत होतो, खत उसाला आणि गव्हाला जातं, धान्य ताटात, ताटातून आमच्याकडे. तो परत हवेत पोचवला नाही तर नदीत जलपर्णीचं शेत होतं. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. असे फेरे पुरे करणारे जीव नसते तर एवढा साठा हवेत टिकला नसता.

१.३०

डबा उघडला. वांगं, गाजर, पावटा, हरभरे, वर तिळाचं कूट. भाकरीचे चार तुकडे केले, एक मामांना, एक पोराला.

पोरानं विचारलं, "मॅडम, सगळे मेले तर नवे जिवाणू कुठून विकत आणायचे?"

विकत मिळतात, पुड्यांमध्ये. पण आमच्या टाकीत पहिल्या दिवशी काय घातलं होतं ते मामांनी सांगितलं. दुसऱ्या शहरातल्या चालू केंद्रातून गाळाचे टँकर आणले होते, आणि जोडीला शेणकाला. "इरजान लावलं की हो. बायका दह्याला लावत्यात तसं."

मामांनी ज्याला विरजण म्हटलं, त्याचा शोध १९१४ चा. मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा सोडून पाहिली. पाणी पूर्ण निवळायला पाच आठवडे लागले. कुठल्या शहराला एवढं थांबायला जमणार? त्यांनी निवळ पाणी ओतून दिलं, पण तळाचा गाळ फेकला नाही. त्यावरच नवं मैलापाणी घातलं. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. गाळ साठत गेला, वेळ उतरत गेला आणि एका दिवसावर आला. त्याआधी गाळ म्हणजे टाकाऊ. तो टाकायचा नाही, एवढाच शोध. जगभरातली आमच्यासारखी केंद्रं त्यावर चालतात. या दोघांना वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

आमचं विरजण सुरुवातीपासून एकदाही मोडलेलं नाही. बाळंतपणाच्या रजेवर मी सहा महिने घरी होते, महामारीत अर्धं शहर बंद होतं, महापुरात केंद्राला पाण्याचा वेढा पडला होता. तेव्हाही कुणी ना कुणी ब्लोअरपाशी होतं.

२.४५

डायजेस्टर म्हणजे बंद घुमट. आत ३५ अंश, अंधार, प्राणवायूचा लवलेश नाही. इथलं काम रिले शर्यतीसारखं. पहिली फळी गाळाचे मोठे रेणू तोडते, दुसरी त्याचं आम्ल करते, तिसरी त्या आम्लांचं अ‍ॅसेटिक आम्ल करते आणि शेवटची मिथेन. शेवटचे जिवाणू नव्हेतच. कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की मिथेन करणाऱ्यांचं कुळच निराळं. त्यांना आता आर्किया म्हणतात. शर्यतीतले हे शेवटचे गडी सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत हळवे. ते अडखळले की मागचे आम्ल करतच राहतात आणि सगळा घुमट आंबतो. सकाळी मी इथला गाळ अडवला तो याच भीतीनं.

गॅसची नोंद रोजच्यासारखीच, ६२ टक्के मिथेन. हुश्श.

आपल्याकडे ही गोष्ट जुनी. मुंबईला माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्याच्या टाकीतला गॅस उपयोगात आणला होता. देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला बायोगॅस जोडून चूल पेटवण्याचं काम आयुष्यभर केलं. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संडासाच्या गॅसवर चहा करायचा म्हटलं की लोकांना शिसारी येते. मिथेनच्या ज्योतीला ना जात असते ना वास.

४.१०

टँकर कुठे रिकामा झाला त्याचा माग काढायला आम्ही तिघं मुख्य वाहिनीवर गेलो. झाकण उघडलं, पंधरा मिनिटं हवा जाऊ दिली, दोरीनं गॅस मीटर सोडला. आत कुणी उतरायचं नाही, डोकंसुद्धा वाकवायचं नाही. पाण्याचा नमुना बादलीनं.

सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. वाहिनीच्या तळच्या बुळबुळीत थरात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू सल्फेट ओढून हा वायू सोडतात. पोराला मी एकच गोष्ट तीनदा सांगितली: वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं समजू नकोस. तो वाढला की आधी नाकच बधिर होतं. मॅनहोलमध्ये मेलेल्या कित्येकांचा घात याच भरवशानं केला. हातानं मैला काढायला लावण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी अशा बातम्या थांबलेल्या नाहीत.

टॉर्च मारल्यावर वाहिनीची वरची कमान दिसली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी पोपडे सुटलेली, आतले गज उघडे. तळातून उठलेला वायू ओल्या छताला लागतो, तिथले दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट खातं. काँक्रीटचा जिप्सम होतो. एक दिवस वरचा रस्ता खचतो, मग पेपरात कंत्राटदाराचं नाव येतं. कंत्राटदार धुतल्या तांदळासारखा असतो असं नाही. पण आपल्या पायाखाली कोण काय खातंय याची त्यालाही खबर नसते.

चौथ्या मॅनहोलच्या कडेला पिवळट ओघळ वाळलेले सापडले. फोटो काढले, नमुना घेतला, पंचनामा झाला. पुढे काय होईल ते मागच्या दोन वेळांवरून मला ठाऊक आहे. तरी कागद पूर्ण केला.

५.४५

पुन्हा बाटली, पुन्हा पाच मिनिटं.

६.० वरून ४.५. सकाळी ०.८ ने उतरला होता, आता दीडने. टाकीचा पीएच ७.० वर. डीओ साडेपाचवरून ३.९. काचपट्टीवर घंटा मोजल्या. दहात चार उघड्या, झालर फिरवणाऱ्या.

पोरगा मीटरकडे बघून हळूच म्हणाला, "कमी झाला." सकाळी चढता आकडा बघून तो नाचला होता, आता उतरता बघून हसला. वर्षभराचं शिक्षण एका दिवसात झालं.

क्लॅरिफायरवरून जाणारं पाणी अजून गढूळच होतं. क्लोरीन थोडं वाढवून ठेवलं, रात्रीची पाळी समजावून सांगितली: गाळ काढू नका, परतीचा पंप चालू ठेवा, लाइट गेली तर दहा मिनिटांच्या आत जनरेटर. हवा बंद पडली की इथली मंडळी फार वेळ तग धरत नाहीत.

नदी हेच काम फुकट करते. मैला टाका आणि पुढे कित्येक किलोमीटर तिला मोकळी वाहू द्या, तिच्यातले हेच जिवाणू, हाच वारा, हेच दगडगोटे मिळून पाणी निवळतात. पण आपण तिच्या दर काही किलोमीटरला एक नवं शहर वसवलं. तेव्हा तिचा दोन दिवसांचा प्रवास सहा तासांत आणि चार टाक्यांत बसवावा लागला. टाक्यांमधल्या या नदीत ब्लोअरचं बटण माणसाच्या हातात असतं, हाच काय तो फरक.

मामा सायकल काढताना म्हणाले, "बाई, आता घरी जावा. ती जेवायला लागलीत."

९.४०

सासूबाईंनी डबा उघडून पाहिला. रिकामा. समाधान झालं.

मी वाणाचा हलवा पुड्यांत भरत होते, तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. "मॅडम, हवा २.६ वर आलीय."

"अमोनिया?"

"सात."

म्हणजे पोटभरू उठून बसले, सावकाशे अजून अंथरुणात. त्यांना आठवडा लागेल, कदाचित दोन. तेवढे दिवस रजिस्टरात न शोभणारे आकडे लिहावे लागतील आणि ते लिहायचेच. आजच्या बाटल्या अंधारात २७ अंशांवर आहेत. त्यांचं उत्तर तीन दिवसांनी.

"कोण होतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कामावरून. जेवली म्हणे सगळी, थोडी मंडळी सोडून."

"भोगीच्या दिवशी कुणी उपाशी राहतं होय?" त्या म्हणाल्या आणि उद्याच्या गुळाच्या पोळ्यांसाठी गूळ किसायला बसल्या.